तीन टक्के प्राणवायू

यवतमाळच्या आमच्या प्रयोगशाळेत दोन उबदार पेट्या आहेत. एकीत बाहेरचीच हवा. दुसरीत नायट्रोजन भरून प्राणवायू तीन टक्क्यांवर आणलेला. एकाच नाळेतल्या मूलपेशी दोन्हींत वाढवायच्या आणि कुठे त्या लवकर म्हाताऱ्या होतात ते पाहायचे, हे माझे काम. नाळ कशफची होती. तिचे वडील जफरभाई आमची यंत्रे दुरुस्त करतात.

साध्या हवेतल्या पेशी काही महिन्यांत पसरट झाल्या, दुभागायच्या थांबल्या, आणि मी त्या टाकून दिल्या. कमी प्राणवायूतल्या मात्र कोवळ्याच राहिल्या.

कशफ दीड वर्षाची झाली तेव्हा जफरभाई आणि तिची आई फरहाना तिला घेऊन आले. तिने अजून मान धरली नव्हती. अंगाला तान्ह्या बाळाचा वास होता. डॉक्टरांना काहीच दोष सापडला नव्हता.

“पोरगी वाढूनच नाही राह्यली, मॅडम,” फरहाना म्हणाली. “आमच्यात नाळ अंगणात पुरतेत. तुमी ते पेटीत काहून कोंडली?”

जफरभाई ओशाळले. “त्या पेटीचा पंखा मीच बसवला ना. अंदर जिन असता, तर पयले मलेच भेटला असता.”

फरहाना हसली नाही. तिच्या समाधानासाठी मी तिच्यासमोरच त्या कोवळ्या पेशींची कुपी साध्या हवेच्या पेटीत हलवली.

त्याच आठवड्यात कशफने मान धरली. मग दात आले. ती चालू लागली तेव्हा जफरभाईंनी प्रयोगशाळेत पेढे वाटले. कुपीतल्या पेशीही भराभर दुभागत होत्या.

मग त्या पसरट होऊ लागल्या. मी रंगद्रव्य घालून पाहिले. म्हाताऱ्या पेशी त्यात निळ्या होतात. भिंगाखाली जवळजवळ सगळेच निळे होते.

त्या दुपारी जफरभाई कशफला घेऊन आले. अजून तीन वर्षांचीही नव्हती, आणि तिचे पुढचे दोन दात पडले होते.

“परत त्या पेटीत ठेवा,” ते हळू आवाजात म्हणाले.

मी कुपी ठेवली. म्हातारी झालेली पेशी तिथेही मागे फिरत नाही, हे त्यांना सांगितले नाही.

कशफ स्टुलावरून उतरली. उतरल्यावर गुडघ्यावर हात दाबून सरळ झाली.

जिन्यापाशी जफरभाईंनी तिच्यापुढे बोट केले. तिने ते धरले नाही; कठड्याला हात लावून थांबली आणि त्यांना पुढे जाऊ दिले.

“संभालके उतर, बेटा,” ती म्हणाली.