गरम दहा वेळा, गार दहा वेळा

माझी भाची चहाच्या कपाला नुसतं बोट लावून तो किती अंश गरम आहे ते सांगते. कधी चुकलीच, तर थर्मामीटर बदलून घ्यावा. लकवा मारलेले हात गरम आणि गार पिशव्यांनी जागे करायचे, हे तिचं काम. ही मात्र थाप नव्हे.

त्या दिवशी अकराला तिचा पहिला रुग्ण यायचा होता. तो आलाच नाही. आला तो बहिणीला दातांच्या डॉक्टरकडे सोडून, दार चुकलेला एक तरुण… उजवा हात खिशात. भाचीने वर न बघताच त्याला बसवलं, डोक्यावर तारांची टोपी चढवली आणि हात टेबलावर ठेवायला सांगितलं.

"तो माझं ऐकत नाही," तो म्हणाला. "चार महिने झाले."

तेव्हा कुठे तिने वर पाहिलं. दोघं एकमेकांकडे सव्वा तास बघत होते. भाची म्हणते, दोन सेकंद.

तो शिंप्याच्या दुकानातला कटर. कात्रीचाच हात गेला, म्हणून तो चारचौघांत खिशाबाहेर काढायचा नाही. तपासण्या झाल्या, सह्या झाल्या, आणि रोज अकराला तो हजर राहू लागला. गरम पिशवी दहा वेळा, गार पिशवी दहा वेळा. नकोसं झालं की हात ओढून घ्यायचा, एवढंच त्याला सांगितलेलं. असं डिवचत राहिलं की मेंदूला विसरलेली हालचाल आठवते, अशी भाचीची खात्री. डोक्यातली खळबळ टोपीतून पडद्यावर रेषांनी उमटायची. वीस दिवसांत हात हलला नाही, तर मोठे डॉक्टर प्रयोग बंद करणार होते.

आणि हा गडी काय करायचा? पिशवी हातावर, नजर भाचीवर. तुमच्या कोटाचा डावा खांदा अर्धा इंच उतरलाय, म्हणायचा. माप न घेता कसं कळलं, असं तिने विचारलं, तर म्हणे, वीस दिवस दिलेत ना बघायला… ती ओठ दाबून रेषा बघायची. हात ढिम्म.

विसावा दिवस उजाडला. मोठे डॉक्टर येऊन उभे राहिले. गार पिशवी टेकली, रेषा उसळली, हात जागच्या जागी. डॉक्टरांनी मान हलवली. भाची मात्र पडद्याकडे बघतच राहिली.

"मेंदू हाताला नीघ म्हणतोय," ती म्हणाली. "मग अडवतंय कोण?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल. मग त्याने नजरेनेच खाली दाखवलं. पिशवी नीट टेकावी म्हणून भाची रोज आपला डावा तळवा त्याच्या मनगटाखाली धरायची. आजही तो तिथेच होता.

"तुम्ही धरलेला हात… ओढून कसा घेऊ?"

"वीस दिवस?"

"पहिले आठ दिवस खरंच हलत नव्हता. पुढचे बारा सोसले."

भाची तापली. माझ्या कामाची माती करायला निघाला होतात, म्हणाली, आणि तळवा काढून घेतला. सगळ्यांत गार पिशवी उचलून तिने मनगटावर टेकवली. हात झटक्याने मागे गेला, थेट छातीपर्यंत. डॉक्टर दोन पावलं मागे सरले. मी सांगताना दहा सांगतो.

भाचीने पिशव्या डब्यात टाकल्या, झाकण लावलं. प्रयोग संपला होता. तेवढ्यात तो हात पुन्हा हलला. या खेपेला मागे नाही, पुढे. बोटं टेबलावरून इंच इंच सरकत आली, थांबली… आणि तिच्या बोटांवर येऊन टेकली. पडद्यावर रेषांनी धिंगाणा मांडला होता.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "गरम नाही, गार नाही. मग आता हा कशावर हलला?"

आमची पोर एकही निरीक्षण लपवणारी नव्हे. हात न काढता, मान ताठ ठेवून ती म्हणाली,

"माझ्यावर, सर. लिहून घ्या."