पाच वाजताची भरती

डिसेंबरातल्या त्या गुरुवारी दुपारी तीनच्या सुमारास सौमित्र मोठागावच्या धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर जाऊन उभा राहिला, तेव्हा खाडीत पाणी नव्हतं. म्हणजे होतं, पण वीस-पंचवीस पावलं पलीकडे, एखाद्या रुसलेल्या माणसासारखं पाठ फिरवून. मधे नुसता करडा, ओला, उन्हात चकाकणारा चिखल होता. त्यात शेकडो भोकं, आणि भोकांच्या तोंडाशी एकेक नांगी उगारून बसलेले इवलेसे खेकडे. सौमित्रच्या हातात मागून आणलेला रॉड होता. डब्यात आईच्या परातीतून उचललेला कणकेचा गोळा होता, आणि बगलेत ‘पाणकाठ’ मासिकाचा ताजा अंक. अंकाच्या शेवटच्या पानावर स्वच्छ छापलेलं होतं : गुरुवार, चतुर्थी, भरती दुपारी तीन.

“ओ रॉडवाले! चिखलात काय पेरायला आलात का?”

तो दचकून वळला. वरच्या कठड्यावर एक मुलगी पाय सोडून बसली होती. कामावरून थेट आली असावी. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अजून तसंच होतं, त्यावर ‘निशिगंधा’ एवढंच इथून वाचता येत होतं. मांडीवर आखूड रॉड, आणि ओठांच्या कोपऱ्यात आवरून धरलेलं हसू.

“भरती तीनला आहे,” सौमित्र म्हणाला. “यात... यात छापलंय.”

“बघू.” ती खाली उतरली. अंक हातात घेतला आणि आवरलेलं हसू सुटलं. “अच्छा, पाणकाठ! आमच्या घरी येतो हा. अहो, हा मुंबईचा टाइम आहे. कुलाब्याला भरती आली म्हणून आमच्याकडे लगेच येते का? पाणी वसईच्या तोंडातून शिरणार, घोडबंदरला वळसा घालणार, ठाणं मागे टाकणार, मग इथं. दोन तास लागतात त्याला. तिथीची पाऊणपट करायची आणि दोन मिळवायचे. चतुर्थीचे तीन, अधिक दोन. पाच वाजता पाणी भरणार. बाबांच्या अंकात दर महिन्याला मी पेन्सिलीने सुधारून ठेवते.” तिने अंक परत दिला. “ज्याने हे कोष्टक केलंय ना, तो जन्मात कधी खाडीवर आलेला नसणार.”

ते कोष्टक सौमित्रनेच केलं होतं. ठाण्यात, नौपाड्यातल्या आपल्या खोलीत बसून, दोन वर्षं दर महिन्याला, मासिकाच्या जुन्याच पद्धतीने, अतिशय सुवाच्य अक्षरात.

“आणि आमिष काय आणलंत?” तिने डब्यात डोकावून पाहिलं. “कणीक! जिताड्याला पोळीभाजी खायला घालणार?”

“आमच्या घरी... कोळंबी आणता येत नाही.”

“मग गळ घेऊन गरवायला कशाला आलात?”

प्रश्न साधा होता. त्याचं उत्तर साधं नव्हतं. तो पायऱ्यांवर बसला आणि म्हणाला, “एकदा तरी यायचं होतं.”

या उत्तरावर तिने काहीतरी टोमणा मारायला तोंड उघडलं, आणि मग का कोण जाणे, मारला नाही. त्याच्यापासून दोन पायऱ्या सोडून तीही बसली.

“अंक तसा बरा असतो,” थोड्या वेळाने ती म्हणाली. “बाबांना मीच वाचून दाखवते. रॉडची परीक्षणं वगैरे आली की पुढे चल म्हणतात. पण तो ‘जुना खाडीकर’ लिहितो ना, त्याचं सदर दोनदा वाचायला लावतात. बाबांचा जीव आहे त्याच्यावर.”

आता सांगायला हवं होतं. ‘जुना खाडीकर’ मीच, एवढे तीन शब्द. पण तिच्या चेहऱ्यावर बापाविषयीची जी माया क्षणभर उमटली होती ती पाहून त्याने अंक पुन्हा बगलेत सरकवला. चिखलावरून एक बगळा दोन पावलं चालला. दूर मध्यावर वाहता वाहता पाणी थबकल्यासारखं झालं, आणि सौमित्रच्या तोंडून सहज गेलं, “पाणी विचार करतंय...”

निशिगंधाने चटकन वळून त्याच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाली, “थांबा. पाचपर्यंत थांबणार असाल तर गंमत दाखवते.”

तो थांबला. पाणी आलं ते आवाज न करता. आधी भोकं बुडाली, मग बगळ्याचे पाय, मग खालची पायरी. पाचला तिने रॉड फेकला, आणि वीस मिनिटांत एक वीतभर जिताडा रुपेरी तडफडीसकट वर आला. तिने तो ओल्या हातांत धरला, त्याच्या लालसर डोळ्यात क्षणभर पाहिलं आणि पाण्यात अलगद सोडून दिला.

“सोडला?”

“मार्गशीर्षातला गुरुवार आहे. घरी आईने घट मांडलाय, मासा शिजत नाही. बाबांची रीत आहे. या गुरुवारी रबराची कोळंबी लावायची, पकडायचा, बघायचा, सोडायचा. हात विसरू नये म्हणून.” तिने बोटं पाण्यात धुतली. “पुढच्या गुरुवारी एकादशी. सकाळी सव्वादहा. या, बाबांची ओळख करून देते. कणीक नका आणू.”

*

‘पाणकाठ’चं कार्यालय खोपटच्या एसटी डेपोसमोर, दुसऱ्या मजल्यावर होतं : दोन टेबलं, जुन्या अंकांचे गठ्ठे, आणि बँकेतून निवृत्त होऊन वीस वर्षं हे मासिक चालवणारे मधुकाका. सौमित्र तिथं मुद्रितं तपासायला लागला होता. दोन वर्षांपूर्वी खाडीवरचं सदर लिहिणारे गृहस्थ अचानक गेले. पान रिकामं राहू नये म्हणून काकांनी त्याला एकदाच लिहायला सांगितलं. सौमित्रने ‘जुना खाडीकर’ या नावाने लिहिलं. पाण्याविषयी, वाट पाहण्याविषयी, म्हाताऱ्या माणसाच्या आवाजात. कारण त्या आवाजात त्याला भीती वाटत नसे. वाचकांची पत्रं आली आणि ते ‘एकदाच’ चोवीस वेळा झालं. या अवधीत त्याने एकही मासा धरला नव्हता.

“नवखे लोक मोबाइलवर बघून शिकतात,” मधुकाका त्या शुक्रवारी म्हणाले. “आणि जाणत्यांना आपण काय शिकवणार, सौमित्र? त्यांनी आपलं मासिक वाचावं तरी का? याच प्रश्नावर तू लेख लिहायचास. जानेवारीच्या अंकासाठी याचं खरं उत्तर शोधून आण. जाहिरातीतलं नको. नाही सापडलं, तर तोच अंक शेवटचा, असं मी ठरवलंय.”

सौमित्र खिडकीतून डेपोकडे बघत राहिला. मासिक गेलं असतं, तर त्याच्याबरोबर ते सोंगही बिनबोभाट गेलं असतं. निशिगंधाला कधी काही कळलंच नसतं. ही सुटका होती, आणि तरी ती त्याला नको होती.

*

एकादशीच्या सकाळी धक्क्यावर एक प्लास्टिकची खुर्ची मांडलेली होती. खुर्चीत काळुराम बसले होते. अंगात स्वेटर, उजवा हात मांडीवर सतत थरथरत. दोन वर्षांपूर्वीच्या आजारानंतर त्या हाताने दोरी धरवत नाही, हे निशिगंधाने वाटेतच हळू आवाजात सांगितलं होतं.

“ह्यो का तो कनिकवाला?” काळुरामांनी विचारलं.

“बाबा!”

“आगं तूच सांगलास ना. बस रं पोरा.”

सौमित्र बसला. मग त्याने धीर केला. “काका, तुम्ही पन्नास वर्षं गरवताय. मग ते मासिक कशाला वाचता? त्यात तुम्हाला ठाऊक नाही असं काय असतं?”

“काय पन नाय,” काळुराम शांतपणे म्हणाले. “मासं धराया मना कोन शिकवनार? निम्मं तर चुकीचं छापतात. ही पोरगी पेन्सिल घिऊन बसते.”

“मग?”

म्हाताऱ्याने भरत्या पाण्याकडे पाहिलं. “पन्नास वरसां पानी बगतोय. पन एकटाच बगत व्हतो. घरात कोनाला सांगू, आज पानी कसा व्हता त्यो? हसतील. मंग त्यो जुना खाडीकर वाचला. तोबी बगतो. आता हात गेला, पन दर महिन्याला वाटतं, माज्या वाटचा बगाया कोनतरी बसलाय काठावर.” थरथरता हात दुसऱ्या हाताने दाबत ते पुढे म्हणाले, “त्याला एकदा हितं आनून बसवायचाय. माज्यासारकाच थकला आसंल. कवा भेटला तर सांगशील काय?”

“सांगेन,” सौमित्र म्हणाला.

परत जाताना निशिगंधा रस्त्यापर्यंत सोडायला आली. तिची दुसरी शिफ्ट होती. मानपाड्याच्या प्रयोगशाळेत दिवसभर कारखान्यांचं पाणी तपासायचं आणि इथं येऊन खाडीचं बघायचं. “पाण्याशिवाय आमचं काहीच नाही बघ,” ती म्हणाली, आणि ‘बघा’चं ‘बघ’ झालेलं दोघांनाही एकदमच जाणवलं. तिने नजर वळवली. “एवढा गप्प का झालास? बाबांनी काही...?”

“नाही. उलट त्यांनी उत्तर दिलं.”

“मग चेहरा असा का?”

उत्तर मिळालं होतं. पण ते खोटेपणावर उभं होतं. खरं सांगितलं तर म्हाताऱ्याच्या शेजारी बसलेला तो दुसरा माणूस नाहीसा होणार होता, आणि ही मुलगी पुन्हा कधी अशी ‘बघ’ म्हणणार नव्हती. नाही सांगितलं, तर तो तिच्या शेजारी बसलेला असूनही कधीच तिथं नसणार होता.

“पुढच्या गुरुवारी सांगतो,” तो म्हणाला.

“पुन्हा चतुर्थी. पाच वाजता,” ती म्हणाली. “तीनला नको येऊस.”

*

लेख त्याने एका बैठकीत लिहिला. मधुकाकांनी मुद्रित वाचलं, चष्मा काढला, पुसला. “कोष्टकही चुकीचं होतं म्हणतोस? वीस वर्षं?”

“वीस वर्षं, काका.”

“अरे देवा.” मग त्यांना हसू आलं. “छापू. धक्क्यावरची ती मंडळी ‘हो’ म्हणाली, तर फेब्रुवारीचाही छापू.”

त्या गुरुवारी सौमित्र तीनलाच पोहोचला. दोन तास चिखलाकडे बघत बसला. पाचला बापलेक आले. त्याने काही न बोलता मुद्रिताचे कागद निशिगंधाच्या हातात दिले. “नेहमीसारखं वाचून दाखव. मला... मला तोंडाने सांगता येणार नाही.”

तिने वाचायला सुरुवात केली. तिचा आवाज आधी खट्याळ होता, मग सावकाश झाला.

“‘जुना खाडीकर म्हातारा नाही. तो सव्वीस वर्षांचा आहे, शाकाहारी आहे, आणि त्याच्या गळाला आजवर एकही मासा लागलेला नाही. मोठागावच्या धक्क्यावर एका जाणत्या माणसाने मला सांगितलं, की तो मासिक शिकण्यासाठी वाचत नाही, सोबतीसाठी वाचतो. त्या सोबतीत मी खोटं नाव घेऊन बसलो होतो. पाणी मात्र मी खरंच पाहिलं. खिडकीतून, दुरून, घाबरत. यापुढे लिहायची परवानगी मिळाली, तर माझ्या नावाने लिहीन...’”

खाली नाव होतं. तिने ते वाचलं नाही. वाचायची गरज नव्हती.

पाणी पायरीला लागत होतं.

“म्हंजी तू म्हातारा नाय?” काळुराम अखेर म्हणाले.

“नाही, काका. मला माफ—”

“बरा झाला!” म्हाताऱ्याने थरथरता हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला. “मना भ्या वाटायचा, आज ना उद्या ह्याचा लिवना बंद व्हनार. तू जवान हायस. लय वरसां लिवशील.”

सौमित्रचे डोळे भरून आले. ते लपवायला तो खालच्या पायरीवर गेला, तर मागून निशिगंधा आली.

“मला पहिल्या दिवशीच कळलेलं,” ती म्हणाली.

“काय?”

“‘पाणी विचार करतंय.’ जूनच्या अंकातलं वाक्य आहे. खाली पेन्सिलीने रेघ मारलीये मी. आणि चोवीस लेखांत मासा एकदाही गळाला लागत नाही रे! दिसतो, चाहूल देतो, जवळ येऊन निघून जातो. एवढं ज्याला धरताच येत नाही, तो म्हातारा कसा असेल? तो एक लाजाळू मुलगा असणार, असं वाटायचंच मला.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू केव्हा सांगतोस ते बघत होते. वाट बघायला आम्हाला कोण शिकवणार?” तिने रॉड त्याच्या हातात दिला, बोटांवर बोटं ठेवून दोरी ताणून धरली. तिच्या हाताला खाडीचा आणि साबणाचा मिळून एक थंड वास होता. “लेखात एक गोष्ट राहिली मात्र.”

“कुठली?”

“ते मला काय माहीत? तू लेखक.”

“ती... छापण्यासारखी नाही.”

“मग सांग ना. बाबांना ऐकू जात नाही इथलं.”

मग आयुष्यात पहिल्यांदा, कुठल्याही म्हाताऱ्याचा आवाज उसना न घेता, तो म्हणाला, “निशिगंधा, मला तू फार आवडतेस. कोष्टक चुकलं ते बरं झालं. बरोबर असतं, तर मी भरतीला आलो असतो, आणि गळाला काही लागलं नाही म्हणून निघून गेलो असतो. ते दोन तास...”

दोरीला हिसका बसला. एकदा, दोनदा. मग एक जिवंत, धडधडती ओढ थेट त्याच्या मनगटात उतरली.

“सोडू नकोस! हळू... रीळ फिरव... अरे हळू रे!”

जिताडा वर आला, तिने सोडला होता त्याहूनही लहान. सौमित्रने हात ओले केले, तो धरला. त्याच्या तळव्यांत एक गार, घाबरलेलं काळीज उडत होतं. त्याने खाली वाकून हात उघडले. मासा क्षणभर तिथंच राहिला, मग गेला.

“वरून दिसला मना!” काळुराम खुर्चीतून ओरडले. “आता लिव म्हनावं!”

घरी जाताना मुद्रिताचे कागद तिने त्याला परत दिले. नौपाड्यातल्या खोलीत दिव्याखाली त्याने ते उघडले. दोन जागी पेन्सिलीच्या खुणा होत्या. लेखाखालच्या सुधारलेल्या कोष्टकातल्या पाचापुढे तिने बारीक अक्षरात ‘आणि दहा मिनिटं’ असं जोडलं होतं. आणि अगदी तळाशी, त्याच्या नावाशेजारच्या कोऱ्या जागेत, लिहिलं होतं :

‘गुरुवार, एकादशी, सकाळी सव्वादहा. रॉड मी आणते. पोळीभाजी तुझी. दोघांना पुरेल एवढी. मलाही तू फार आवडतोस.’