खाडीचा भोंगा

"हे खोटं आहे."

माझ्या दातांत दोन टाचण्या धरलेल्या होत्या, म्हणून लगेच उत्तर देता आलं नाही. मार्चमधला शुक्रवार, दुपारचे चार. हॅरो बे गावच्या ग्रंथालयाबाहेरच्या फलकावर मी पालिकेचा आठवड्याचा अहवाल लावत होते. समुद्राकडून धुकं येत होतं, इतकं हळू, इतकं दाट, की रस्त्यापलीकडचा दिवा कुणीतरी फुंकर मारून विझवत आणल्यासारखा दिसत होता. आणि माझ्या खांद्यामागे नारिंगी गमबूट घातलेला एक उंच माणूस ओळीवर बोट ठेवून वाचत होता.

"'त्सुनामी भोंग्यांची साप्ताहिक चाचणी पार पडली.' साफ खोटं."

मी टाचण्या काढल्या. "पार पडली म्हणजे पार पडली. बटणं दाबली, भोंगे वाजले, संपलं."

"तीन वाजले. चौथा वाजत नाही. मी स्वतः कळवलं होतं, ऐकू आलं नाही म्हणून."

तेव्हा मला आवाज ओळखू आला. गेले चार बुधवार हाच आवाज माझ्या वॉकीटॉकीतून येत होता. त्या आवाजाला ओले केस असतील, पापण्यांवर धुक्याचे थेंब असतील, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"तुम्ही खाडी," मी म्हणाले.

"आणि तुम्ही..." त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "तो आवाज तुमचा! मी ऑरिन निएमी. पाणी खात्यात नवा आहे. पण खाडीसुद्धा चालेल."

"कोरा पार्डी. हा अहवाल मीच लिहिते. म्हणजे खोटारडी मीच."

तो कानांपर्यंत लाल झाला. माझ्या हातून एक टाचणी ओल्या गवतात पडली. तो वाकला, जरुरीपेक्षा बराच वेळ शोधत राहिला, आणि तळहातावर ठेवून त्याने ती माझ्यासमोर धरली. मला भयंकर राग आला. तो खरं बोलत होता. आणि खरं बोलणारा माणूस देखणा असला, की राग दुप्पट होतो.

दर गुरुवारी सगळ्या खात्यांच्या चिठ्ठ्या माझ्या टेबलावर यायच्या. रस्ते खातं: एकोणीस खड्डे बुजवले. बाग खातं: बाकाला रंग दिला, बाकावर सीगल बसला, पुन्हा रंग दिला. बंदर खातं: धक्क्यावर झोपलेला समुद्रसिंह हलवला, तोच समुद्रसिंह पुन्हा हलवला. ग्रंथालय: गोष्टींच्या तासाला एकेचाळीस मुलं, एकाने दुसऱ्याला चावलं. मी त्यातला जीव काढायचे, उरलेल्याला इस्त्री करायचे आणि शुक्रवारी भिंतीवर लावायचे. कॉलेजचं तोंड मी पाहिलेलं नाही. लिहायला शिकले ते ह्याच चिठ्ठ्यांवर. गाळायलाही तिथेच शिकले.

भोंगे मात्र बुधवारी. अकराच्या ठोक्याला मी पालिकेतल्या बिनखिडकीच्या खोलीत माइकपुढे बसायचे आणि चार भोंग्यांतून एकेक करून बोलायचे: "ही केवळ चाचणी आहे. घाबरू नका. खरी लाट येईल तेव्हा टेकडीकडे चालू लागा." गावाच्या चार टोकांना चार माणसं कान देऊन उभी असायची आणि ऐकू आलं का ते सांगायची. माइकशेजारी सहा नियमांचा पिवळा पडलेला कागद चिकटवलेला होता. सहावा नियम होता, दुरुस्तीनंतर चाचणी दोनदा घ्यावी. तो कधी लागलाच नाही. दुरुस्तीच कुणी करत नव्हतं ना!

उत्तर टोक, धक्का, शाळा हे तिन्ही भोंगे ठणठणीत होते. चौथा खाडीचा. त्याचा कर्णा खाऱ्या हवेने खाऊन टाकला होता. खाली चाकांच्या घरांची वस्ती होती, ज्यांची चाकं केव्हाच चिखलात रुतली होती. कालवं सोलणाऱ्या बायका, मासळीच्या कारखान्यातून निवृत्त झालेली म्हातारी माणसं. लाट पहिली तिथेच येणार. हे साऱ्या गावाला माहीत होतं, घरातल्या एखाद्याचं पिणं सगळ्यांना माहीत असतं तसं. कुणी बोलायचं नाही. नगर-व्यवस्थापक स्टर्जिसने मला पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं, "'पार पडली' एवढंच लिहा. पुढच्या वर्षी बघू." पुढचं वर्ष येऊन गेलं होतं.

आता एक कबुली. त्या मेलेल्या भोंग्यात मी ठरलेली वाक्यं बोलतच नव्हते. कुणाला ऐकूच जाणार नाही तर कशाला बोलू? सुरुवातीला मी त्यात स्टर्जिसला शिव्या घालायचे, नाव घेऊन, अगदी मोकळेपणी. पण त्या शुक्रवारनंतर शिव्या आटल्या. मी भलतंच काहीतरी बोलू लागले... सकाळी काय खाल्लं, रात्री पाऊस कसा वाजला, आणि ऑरिन, तुझ्या पापण्यांवर धुकं इतका वेळ टिकतं कसं.

समोर 'तुम्ही', भोंग्यात 'तू'. असं चाललं होतं.

"खाडी, ऐकू आलं का?"

"नाही आलं. काय म्हणालात?"

"नेहमीचंच."

"आज नेहमीपेक्षा लांबलं. तुम्ही बोलता तेव्हा खांबावरचा दिवा लाल होतो. आज तीन मिनिटं लाल होता."

"दिव्याकडे बघत बसता?"

"मग काय करू? तुम्ही इथून दिसत नाही."

वॉकीटॉकीवर बाकीची तीन टोकंही ऐकत असायची. उत्तर टोकाच्या अग्निशमनवाल्याने जोरात खाकरून घेतलं. मी बटण सोडलं आणि दोन्ही गाल थंडगार माइकला टेकवले, आधी एक, मग दुसरा.

शुक्रवारी चारला तो ग्रंथालयापाशी 'योगायोगाने' यायचा. हातात शिंपल्यांच्या दाट सुपाचा कागदी पेला, आधी एक चमचा, नंतर नंतर दोन. आम्ही भिंतीशी उभे राहून एकाच पेल्यातून खायचो आणि समुद्रसिंहाची बातमी वाचून हसायचो. भोंग्याची ओळ आली की तो गप्प व्हायचा. मी चमचा चाटत दुसरीकडे बघायचे.

मे महिन्यातल्या एका रविवारी तो मला खाडीवर घेऊन गेला. भोंग्याच्या खांबाखालीच एका घराच्या दारात ओपल नावाची म्हातारी खुर्ची टाकून बसली होती.

"हीच का ती?" तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "दर बुधवारी हा माझ्या दारात मान वर करून उभा असतो, चर्चमध्ये आल्यासारखा! मी विचारते, काय रे, आलं का काही? म्हणतो, नाही आजी. आणि तुमच्या कागदावर येतं, पार पडली. काय पार पडली गं?"

मी खांबावरच्या गंजलेल्या कर्ण्याकडे पाहिलं.

"माझे गुडघे गेलेत, पोरी. टेकडीपर्यंत इतरांना दहा मिनिटं लागतात, मला वीस. मला सगळ्यांच्या आधी कळायला हवं. आणि मलाच कळणार नाही." मग तिने माझा हात थोपटला. "कॉफी घेणार? राग नाही हो तुझ्यावर. तू आपली पगारी."

तो 'पगारी' शब्द थोबाडीत बसल्यासारखा लागला.

परतताना लाकडी पुलावर ऑरिन थांबला. खाली भरतीचं पाणी हळूहळू चिखल झाकत होतं. कठड्यावर त्याची बाही माझ्या बाहीला टेकली होती, फक्त बाही... आणि तरी मला माझा हात कुठे संपतो ते कळेना.

"मी तुमच्याकडे काही मागितलं नाही आजवर," तो म्हणाला.

"मागा."

"एक ओळ."

"माझी नोकरी जाईल, ऑरिन."

"माहीत आहे. म्हणून तर अडीच महिने गप्प होतो. तुम्ही नाही म्हणालात तरी मी रागावणार नाही. पण त्या भिंतीपाशी, तुमच्या शेजारी उभं राहून, ती ओळ पुन्हा वाचणं... ते मला जमेल असं वाटत नाही."

त्याने बाही बाजूला घेतली. एवढंच. पण पूल एकदम गार पडला.

गुरुवारी मी खालचा खण उपसला. पाणी खात्याकडून दर आठवड्याला आलेल्या, 'खाडीचा भोंगा ऐकू आला नाही' अशा सगळ्या चिठ्ठ्या मी जपून ठेवल्या होत्या. का, ते मलाही माहीत नव्हतं. एकेक काढली, मोजली, आणि शुक्रवारी ग्रंथालयाच्या भिंतीवर आणि गावातल्या प्रत्येक घराच्या टपालात हे गेलं:

"खाडीचा भोंगा: ऐकू आला नाही. सलग त्र्याण्णव आठवडे. आजवरच्या अहवालांतून ही बाब मी गाळली. कोरा पार्डी."

त्या दिवशी भिंतीपाशी कुणी आलं नाही. टेकडीवर मोठी जलवाहिनी फुटली होती आणि पाणी खातं तिथे चिखलात उभं होतं. मी एकटीने सूप घेतलं. ते गरम होतं, आणि मला मुळीच आवडलं नाही.

सोमवारी नगरसभेत बसायला जागा उरली नाही. सगळी खाडी आली होती. ओपलला दोघांनी खुर्चीसकट उचलून आणलं होतं. सभासदांनी घाम पुसत पुसत ठराव केला, भोंगा महिन्याभरात दुरुस्त करू. गर्दीपलीकडून ऑरिनने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं... आणि मी खुर्चीची कड घट्ट धरून बसले.

मंगळवारी स्टर्जिसने बोलावलं. "अहवाल यापुढे कर खात्यातला कारकून लिहील. चिठ्ठ्याही त्याच्याकडेच जातील. उद्याची चाचणी तुमची शेवटची. मग बघू तुम्हाला कुठे ठेवायचं ते."

"त्र्याण्णव आठवडे तुम्ही झोपलात कसे, ते सांगता का?" मी विचारलं.

"दार लावून घ्या जाताना."

मी दार सताड उघडं टाकून आले.

रात्री ऑरिनचा फोनवर निरोप आला, एकच ओळ. "उद्या जरा स्पष्ट बोला." वाटलं, समजूत घालतोय.

बुधवारी अकराला मी माइकपुढे बसले. उत्तर टोक, ऐकू आलं. धक्का, ऐकू आलं. शाळा, ऐकू आलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग खाडीचं बटण. मी डोळे मिटले. माझा तो लाडका, बहिरा भोंगा. पुन्हा कधी त्याच्याशी बोलायला मिळणार नव्हतं.

"ऑरिन," मी म्हणाले, "आज शेवटचं आहे, म्हणून सांगून टाकते. तू मला खोटारडी ठरवलंस त्या दिवसापासून माझं एकही काम सरळ झालेलं नाही. एकोणीस खड्ड्यांचे मी एकदा नव्वद केले आणि कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. तुझे गमबूट भयंकर आहेत. तुझं सूप नेहमी थंड असतं, कारण तू पूल ओलांडून धावत येतोस आणि वर योगायोग म्हणतोस. तू बाही काढून घेतलीस तेव्हा मला जे झालं, ते मला पुन्हा नको आहे. मला तुझ्या शेजारी उभं राहायचंय. भिंतीपाशी, पुलावर, कुठेही. मला तू हवा आहेस. ती ओळ मी छापली, स्टर्जिसला तोंडावर बोलले, पण हे तुझ्या तोंडावर बोलायची माझी छाती नाही. झालं. ही केवळ चाचणी आहे. घाबरू नका."

मी बटण सोडलं. नाक पुसलं. वॉकीटॉकी उचलला.

"खाडी, ऐकू आलं का?"

उत्तर नाही. नुसते आवाज... सीगलांचा कल्लोळ, चारपाच कुत्र्यांचं भुंकणं, आणि कुठेतरी, कुणीतरी, टाळ्या वाजवत होतं.

"खाडी?"

"ऐकू आलं," ऑरिन म्हणाला.

मी वॉकीटॉकी दोन्ही हातांत धरला. "काय?"

"काल दुपारी दुसरा कर्णा बसवला आम्ही. महिना लागणार होता, पण वीज खात्याने एक जुना शोधून काढला. चिठ्ठी कारकुनाकडे गेली असणार. मला तुम्हाला चकित करायचं होतं." तो थांबला. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. "मीच झालो."

मागून ओपलचा आवाज आला, "तिला सांग, गुडघे नसलेल्या बाईलाही ऐकू आलं! पहिल्या शब्दापासून!"

"उत्तर टोक," अग्निशमनवाला मध्येच बोलला. "आमच्यापर्यंतही आलं, वाऱ्यावर, थोडं थोडं. 'गमबूट' अगदी स्पष्ट."

मी तोंड तळव्यांत लपवलं. जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. दारात स्टर्जिस, गळ्यातला टाय वाकडा. "काय चाललंय इथे? बंद करा ते!"

"कोरा," वॉकीटॉकीतून हळूच आलं. आता त्या आवाजात हसू होतं, आणि हसण्याच्या तळाशी काहीतरी थरथरत होतं. "सहावा नियम काय आहे, वाच ना."

वाच. 'वाचा' नाही.

मी मान वर केली. पिवळा कागद. सर्वांत खालची ओळ. दुरुस्तीनंतर चाचणी दोनदा घ्यावी.

"मी काय सांगतोय, कोरा!" स्टर्जिस ओरडला.

"नियम आहे, साहेब," मी म्हणाले, आणि खाडीचं बटण दाबलं. तिकडे खांबावरचा दिवा लाल झाला असणार. त्याखाली नारिंगी गमबूट घालून एक माणूस मान वर करून उभा असणार, पापण्यांवर धुकं घेऊन. मी त्याचं नाव घेतलं आणि मघाचंच पुन्हा सांगितलं, या वेळी थोडक्यात, अगदी स्पष्ट.

केवळ चाचणी असल्याचं वाक्य तेवढं मी गाळलं.