भैरूचा पेला

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही भर दुपारची आहे, आणि खरी आहे. दुसऱ्या कुणी सांगितली असती तर मीही हसले असते.

गेल्या वर्षीचा मे महिना, मंगळवार. ठिकाण, नेरुळचं एक हॉस्पिटल. पण सुरुवात उरणजवळच्या द्रोणागिरीतल्या माझ्या फ्लॅटपासून करायला हवी.

मी उत्कर्षा. बेलापूरला नोकरी करते. आमच्या बिल्डिंगमध्ये मोजकीच घरं भरलेली. दिवसभर लांबून बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरचे आवाज, बाकी सामसूम. सोबतीला फक्त आबा, माझे थोरले काका. साताऱ्याकडचे, लग्न न केलेले, निवृत्त फौजी.

फील्ड ॲम्ब्युलन्समध्ये होतो म्हणायचे. मला वाटायचं, गाडी चालवत असतील. त्यावर ते वैतागायचे.

"गाडी न्हवं गं येडे. आमी मानसं. गोळी लागलेल्याला स्ट्रेचरवर घालायचं आन् डॉक्टरापातुर चालत न्यायचं."

जेवायला बसले की आबा पाण्याचे दोन पेले भरायचे. एक स्वतःचा. दुसरा समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे.

मी चिडवायचे, "आबा, पाहुणे यायचेत का?"

एकदा त्यांनी सांगून टाकलं.

एकाहत्तरची लढाई. त्यांच्याच गावचा भैरू, पोटात गोळी लागलेला. पोटाच्या जखमेला पाणी द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. फक्त ओल्या कापडाने ओठ टिपायचे. भातखाचरांच्या चिखलातून नेताना भैरू सारखा पाणी मागत होता.

"म्या म्हनलं, जरा येळानं देतो. पान्याची बाटली माज्या कमरंलाच व्हती, पोरी. पोचायच्या आत गेला."

आमच्याकडे मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालतात. वैऱ्यालाही नाही म्हणत नाहीत. ते राहिलं. नियम पाळला म्हणून राहिलं.

"मला जाताना पानी न्हाई मिळायचं, बघ," आबा म्हणाले. "भैरू मिळू देनार न्हाई."

मरणाला ते घाबरत नव्हते. फक्त कोरड्या तोंडाने जायला घाबरत होते.

"मी आहे ना," मी म्हणाले. "मी घालेन."

समोरच्या, भैरूच्या पेल्यातलं पाणी कधीच कमी झालं नाही. जेवण झालं की आबा ते बाल्कनीतल्या झाडाला ओतायचे.

मग तो मंगळवार आला. मी घरूनच काम करत होते. ताटं वाढली, आबांनी दोन्ही पेले भरले आणि पोट धरून खालीच बसले.

नेरुळच्या हॉस्पिटलमध्ये नेल्यावर कळलं, आतड्याला पीळ पडला होता. ऑपरेशन संध्याकाळी ठरलं. डॉक्टरांनी बजावलं, तोंडाने पाण्याचा थेंबही द्यायचा नाही.

खोलीतली पाण्याची बाटली मी बाहेर सिस्टरच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"पोरी... घोटभर दे."

"जरा वेळाने देते, आबा."

बोलले, आणि माझ्याच अंगावर काटा आला.

आबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

तेवढ्यात सिस्टर हादियाने सहीसाठी बोलावलं. टेबल दाराच्या अगदी समोर. दार माझ्या डोळ्यांपुढे होतं. आत कुणीही गेलं नाही.

आणि...

आतून आवाज आला.

गट... गट... गट...

खूप तहानलेला माणूस पाणी पितो, तसा.

मी धावले. खोलीत आबा एकटेच. डोळे मिटलेले. श्वास थांबलेला.

ओठ ओले. हनुवटी ओली. उशी भिजलेली.

आणि त्या बंद, एसीच्या खोलीत... ओल्या चिखलाचा वास.

डॉक्टर माझ्यावर भडकले. "सांगूनसुद्धा पाणी दिलंत ना?"

हादियाच म्हणाली, "सर, बाटली माझ्याकडेच आहे. सीलपण नाही तोडलंय. आत कोणी गेलंच नाही."

बोलताना ती उशीकडे बघत होती.

सगळं आटोपून दुसऱ्या दिवशी मी घरी आले. टेबल तसंच होतं. वाळलेल्या पोळ्या. आबांचा पेला, काठोकाठ भरलेला.

समोरचा पेला...

कोरडा.

घराची चावी एकच, ती माझ्या पर्समध्ये होती.

मी तिथेच बसून रडले. आबांना पाणी मिळालं म्हणून. आणि ते मी दिलं नाही म्हणूनही.

आता मी एकटीच जेवते. समोर आबांचा पेला भरून ठेवते. 'जरा वेळाने' असं मीही म्हणाले होते ना. वर्षभर त्याला कुणी हात लावला नव्हता.

परवा जेवता जेवता फोन वाजला. मी आतल्या खोलीत जाऊन बोलले, परत आले, आणि...

पेल्यात दोन बोटं पाणी कमी होतं.

उन्हाळा आहे. उडालं असेल. पण तेवढ्या वेळात?

मी पेला पुन्हा काठोकाठ भरला. भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण घरात कुणीतरी आलंय, या विचाराने बरंही वाटलं.

मला त्या बरं वाटण्याचीच जास्त भीती वाटते.