बोलत्या हाताची साक्ष

"माझ्या आईचं तोंड कुणी बांधलंय?"

वॉर्डच्या दारातून जो पहिला निळा गणवेश बाहेर पडला, त्याची बाही पकडून मी विचारलं. विचारलं कसलं — ओरडलेच! बाहीतला माणूस दचकला. तिशीचा असेल. एका हातात कागद, दुसऱ्यात अर्धं खाल्लेलं बिस्कीट.

"तोंड...? तोंड कोण बांधेल?"

"ते बघा!"

दाराला हातभर काच होती. पलीकडे तिसऱ्या खाटेवर आई. सकाळी तिची अँजिओग्राफी झाली होती. उजव्या मनगटातल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी थेट हृदयापर्यंत. नळी काढल्यावर रक्त येऊ नये म्हणून मनगटावर हवा भरलेला प्लास्टिकचा पट्टा आवळला होता आणि हात फळीला बांधला होता. माझी आई जन्मापासून बहिरी. ती हातांनी बोलते. आत्ता ती एकट्या डाव्या हातानं, तुटक तुटक, दिसेल त्याला काहीतरी सांगत होती. नर्सनं तिच्यापुढे पाण्याचा पेला धरला. शेजारच्या टेबलावर आधीचे तीन भरलेले पेले तसेच होते.

"ती 'घट्ट' म्हणतेय, घट्ट! आणि ती बाई पाणी पाजतेय! मला आत सोडत नाहीत, नातेवाईकांनी बाहेर थांबा म्हणे!"

त्याचं बिस्कीट खिशात गेलं. "तो पट्टा... मीच बांधलाय. तपासणीचा टेक्निशियन मी," तो म्हणाला. "तासाभरानं थोडी हवा काढा, असं सांगून गेलो होतो."

"कुणाला?"

"ड्युटी बदलली असेल..."

"असेल? माझी आई काय विसरलेली छत्री आहे? फॉर्मवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं मी — हातांनी बोलते!"

"माझ्या कागदावर नव्हतं." त्यानं कागद उलटला. थांबला. "...होतं. मागच्या पानावर. मी मागचं पान बघितलं नाही."

मी त्याची बाही सोडली. चूक अशी सरळ कबूल केली की भांडणाऱ्याची पंचाईत होते.

तो मला घेऊनच आत गेला. पट्ट्यातली हवा सोडली, हात फळीपासून सोडवला, आईच्या अंगठ्याला एक चिमटा लावला. पडद्यावर हिरवी रेघ नाचू लागली. मग त्यानं करंगळीच्या बाजूनं मनगट दाबलं, आणि रेघ सपाट झाली.

"हाताला दोन वाटांनी रक्त येतं," तो म्हणाला. "ही वाट दाबली तर अंगठ्याकडच्या वाटेनं यायला हवं. येत नाहीये. पट्टा फार वेळ आवळलेला राहिला. वाहिनी बंद पडलीय."

"हात जाणार?"

"नाही. दुसरी वाट हात सांभाळतेय. म्हणून तर तो गुलाबी दिसतोय, कुणाला कळलंही नसतं. पण ही वाट कायमची बुजली, तर पुढे कधी हृदयाच्या बायपाससाठी ही वाहिनी लागली किंवा पुन्हा तपासणी करायची म्हटली, तर उपयोगाची राहणार नाही."

डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं आणि सांगून गेले: करंगळीकडची वाट तासभर दाबून धरा, म्हणजे रक्त जोर करून बंद वाट उघडेल. त्यासाठी दुसरा पट्टा आणला, तसा आईनं हात छातीशी ओढून घेतला.

"पट्टा नको म्हणतेय," मी सांगितलं.

"मग मी बोटांनी धरतो."

आणि तो बसला. स्टुलावर, ताठ, दोन बोटं आईच्या मनगटावर.

मी गाडी चालवायला शिकवते. लोकांच्या चुकांवर वेळेत ब्रेक दाबणं हा माझा धंदा. इथं ब्रेक माझ्या पायाखाली नव्हता, म्हणून तोंड चालू होतं. त्या तासात मी त्याला निष्काळजी म्हटलं, बिनडोक म्हटलं, आणि बिस्किटावरूनही एकदा बोलले.

"तासभर कुणाचा हात धरून बसायची ही माझी पहिलीच वेळ," तो मध्येच म्हणाला.

"लाज वाटत नाही विनोद करायला?"

"वाटतेय. खूप वाटतेय... म्हणूनच करतोय."

आई ओठ वाचते. ती हसली. मला इतका राग आला!

तासाभरानं त्यानं चिमटा पुन्हा लावला, मनगट दाबलं. रेघ सपाट झाली... आणि मग एक बारीकशी लाट उठली. मग दुसरी. त्यानं कपाळ बाहीला पुसलं. मी खिडकीकडे तोंड केलं, कारण त्याच्यासमोर रडायचं नव्हतं.

नाडी आली, पण अंगठा बधिर राहिला. आई शिंप्याकडे कापड बेतायचं काम करते. महिनाभर कात्री धरता येईना. मी तक्रार दिली. उत्तर एका ओळीचं आलं : 'रुग्णाने कोणताही त्रास होत असल्याचे सांगितले नाही.'

मी तो कागद फाडणार, एवढ्यात ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात तो उभा.

"फाडू नका. लागेल तो," तो म्हणाला. "झालं ते सगळं मी लिहून दिलंय. सहीनिशी. चौकशी लागणार आहे."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही. एवढं रागावून बघू नका, शिकाऊ माणसं घाबरून पळून जातील."

दर गुरुवारी तो नाडी बघायला घरी येऊ लागला. नाडी बघायला दोन मिनिटं लागतात. तो दोन तास बसायचा. आई त्याला खुणा शिकवायची. तिनं त्याला खुणांचं नावही ठेवलं — दोन बोटांचा चिमटा. माझं नाव म्हणजे भुवयांच्या मध्ये एक बोट : आठी.

"आठीबाई, 'चहा' बरोबर केला का मी?"

"तुम्ही आत्ता 'म्हैस' म्हणालात."

"मग कपभर म्हैस मिळेल?"

मी स्वयंपाकघरात जाऊन हसायचे. बाहेर येताना आठी घालून यायचे.

चौकशीला हॉस्पिटल दुभाषा आणणार होतं. आणलाच नाही. अधीक्षकांनी घड्याळ बघितलं. "मुलीचं चालणार नाही, ती तक्रारदार आहे. रुग्णाचं म्हणणं समजत नसेल, तर प्रकरण बंद करावं लागेल."

मी उठणार, तोच तो उठला. "मी सांगतो त्या काय म्हणतात ते. माझ्याविरुद्धच आहे, सर. मी कशाला वाढवून सांगेन?"

आई बोलू लागली. सावकाश, त्याला झेपेल असं. तो एकेक शब्द वेचत होता.

"या माणसानं पट्टा बांधला. जाताना विचारलं नाही, की तुम्ही कोणत्या हातानं बोलता... मग हाताला मुंग्या आल्या. मग... मासे?" आईनं टेबलावर थाप मारली, खूण पुन्हा केली. "मासे नाही. कळ. कळ आली. मी सांगितलं, घट्ट. पाणी दिलं. परत सांगितलं. परत पाणी दिलं." त्यानं आईकडे बघून खात्री करून घेतली. "मला तहान नव्हती. मी बोलत होते."

अधीक्षकांनी चष्मा काढला. आईचे हात मात्र अजून चालू होते. तो गप्प झाला.

"पुढे?" अधीक्षक म्हणाले.

"ते... प्रकरणाशी संबंधित नाही, सर."

"ते मी ठरवीन. बोला."

त्याचे कान लाल झाले. "त्या म्हणतात, चूक झाली म्हणणारा तिथं हा एकटाच भेटला. आणि हा... हा माझ्या मुलीकडे बघतो, तेव्हा शिकवलेल्या खुणा विसरतो. आणि गुरुवारी माझी आठी आठी घालायची विसरते."

टंकलेखक बाईंची बोटं थांबली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

निकाल त्याच दिवशी लागला. यापुढे हात बांधण्याआधी रुग्ण कोणत्या हातानं बोलतो हे विचारायचं, आणि अशा रुग्णाजवळ घरचं माणूस बसू द्यायचं. वॉर्डच्या नर्सला ताकीद. आणि त्याला सहा महिने वॉर्डच्या कामावरून हलवून खाली जुन्या फायलींच्या खोलीत.

वाहनतळावर मी त्याला गाठलं.

"फायली? तुम्हाला? आणि पाणी पाजणारीला नुसती ताकीद? तुम्ही खरं बोललात म्हणून तर त्यांना कळलं! चला, आपण परत वर जाऊ."

"पट्टा मीच बांधला होता. परत येऊन बघायला हवं होतं मी."

"आणि ते शेवटचं! सगळ्यांसमोर! आधी मला विचारायची पद्धत नाही?"

"मी कुठे काही म्हटलं? आई म्हणाल्या. मी फक्त सांगितलं." तो थांबला. मग हळूच — "चूक सांगितलं का?"

मी गाडीची किल्ली मुठीत आवळली.

"नाही," मी म्हणाले. "बरोबर सांगितलं. म्हणून तर राग येतोय!"

तो हसला नाही. नुसता बघत राहिला, आणि त्याचा उजवा हात काहीतरी खूण करायला उठला नि अर्ध्यातच हरवला.

दाणकन आवाज झाला. आई गाडीच्या टपावर थाप मारत होती. एरवी ती पुढे, माझ्या शेजारीच बसते. आज मागच्या सीटवर पिशव्या मांडून ऐसपैस बसली होती, आणि पुढचं दार सताड उघडं होतं.

"बघत काय राहिलास?" मी त्याच्यावर खेकसले. "बस ना आता!"