चितेसाठी मागितलेलं लाकूड

हिरडगडाच्या बालेकिल्ल्यावर उजाडत होते. भाद्रपद सरत आला होता. रात्रभर कड्यांना बिलगून बसलेले धुके उगवतीच्या उजेडाने विरळ होत होते, आणि जसजसे ते खाली सरत होते, तसतसे त्याखाली दडलेले बादशाही छावणीचे तंबू, मोर्चे आणि घोड्यांच्या पागा एकामागून एक उघड्या पडत होत्या. तटावरच्या पहारेकऱ्यांना हे दृश्य पाठ झाले होते. ज्येष्ठात माची पडली, माचीवरची वस्ती शत्रूच्या ताब्यात गेली, आणि तेव्हापासून बालेकिल्ल्याला जगाशी जोडणारी कातळात खोदलेली एकच अरुंद वाट उरली. तिच्या वरच्या टोकाला किल्लेदार नरसोजी धायबर आणि त्यांची मूठभर शिबंदी, खालच्या टोकाला हसनबेग खान आणि त्याची फौज. वर येण्याची वाट तीच, आणि खाली उतरण्याचीही तीच.

याहून मोठे संकट होते ते खानाला ठाऊक नव्हते. आषाढातल्या पावसात दारूकोठाराची भिंत खचली, पाणी आत शिरले आणि साठवलेल्या दारूचा चिखल झाला. बुरजांवरच्या तोफा तोंड वासून उभ्या होत्या, पण मुक्या होत्या. केवळ त्यांच्या धाकाने खान वाट चढत नव्हता, आणि पाऊस ओसरल्यावरही तोफा गप्प का, हा प्रश्न त्याला आज ना उद्या पडणार होता.

उरल्या कमानी. त्यातल्या बऱ्याचशा माचीच्या झुंजीत गेल्या होत्या. हरजी कमानगराने कड्यावरचा कळकाचा ओला बांबू तोडून नव्या घडवून पाहिल्या, पण ओल्या लाकडाची कमान चार बाण टाकी आणि वाकून तशीच राही. चांगल्या कमानीला मुरलेले लाकूड लागते. तसे लाकूड गडावर होते. हरजीचा थोरला भाऊ सटवाजी याने धामणीच्या झाडाचे सरळ वासे वर्षानुवर्षे निवडून, तासून, टोकांना मेण चोपडून आपल्या घराच्या माळ्यावर चुलीच्या धुरात राखून ठेवले होते. त्यातले काही त्याच्या बापाने तोडलेले होते. पण ते घर माचीवर होते, आणि आता तिथे शत्रूचे शिलेदार उतरले होते.

माची पडली त्या दिवशी सटवाजीच्या कुशीत भाला गेला होता. तेव्हापासून तो अंथरुणालाच खिळला होता. आज उजाडताना त्याने प्राण सोडला.

त्याची बायको भिवरा काही वेळ त्याच्या उशाशी बसली. मग तिने त्याच्या तोंडावर उपरणे ओढले, हरजीला मयतापाशी बसवले आणि ती सदरेवर गेली. किल्लेदार उठून उभे राहिले.

"भिवराबाई, सटवाजी गेला हे कळलं. गडाचा एक बुरूज ढासळला असं आम्ही समजतो. पण आमची लाज अशी की त्याला अग्नी द्यायला गडावर लाकूड नाही. पावसात दाणा शिजवायला आम्ही छपरं जाळली."

"त्याच्यासाठीच आले, साहेब. खानाकडं लाकूड मागा."

"शत्रूकडं?"

"मयताला लाकूड कुणी नाकारत न्हाई. म्हणावं, कमानगराच्या घरात त्याचंच लाकूड हाय, तेवढं न्यायला माणसं येऊ द्या."

तिच्या मनात काय आहे ते नरसोजी धायबरांच्या ध्यानात आले, आणि त्यांची मान खाली गेली.

"बाई, हे मयताच्या नावावर खोटं बोलणं झालं. आणि लाकूड मागितलं की खान ओळखेल, वर जाळायलाही काही उरलेलं नाही. मग तो थांबणार नाही. हल्ला येईल."

"तो तसाबी येनारच. तवा तुमच्या मानसांच्या हातात काय असंल, तेवढं बघा." तिने खाली माचीकडे बोट दाखवले. "त्यांनी जल्मभर जपलेलं लाकूड हाय, साहेब. खाली त्याच्यावर शिलेदार भाकरी भाजत असतील."

पांढरे निशाण खाली गेले. हसनबेग खान रणात कठोर असला तरी मृताची अवहेलना करणारा नव्हता. त्याने परवानगी दिली. हत्याराविना चार माणसे आणि मयताची बायको, एवढ्यांनीच यावे, असा निरोप आला.

भिवरा वाट उतरली. मागे हरजी आणि तीन गडकरी होते. आपल्या घराच्या अंगणात पाय ठेवताच ती थबकली. चुलीवर हंडा चढलेला होता आणि चुलीच्या तोंडाशी मेण लावलेली दोन टोके जळत होती. तिने तिकडून नजर काढली आणि हरजीला माळ्यावर चढायला खुणावले. वासे एकेक करून खाली येऊ लागले. बरेच गेले होते, पण बरेच उरलेही होते.

त्या घरात जो सरदार उतरला होता तो बादशाही चाकरीतला मराठा होता. जिवाजीराव त्याचे नाव. हयात रानात शिकार करण्यात गेलेला, मितभाषी माणूस. तो पडवीतून उठून आला, अंगणात रचलेल्या वाशांपैकी एक त्याने उचलला, गुडघ्यावर टेकवून किंचित वाकवला, आणि तो वासा सपकन सरळ झाला.

"ही धामण आहे," तो म्हणाला. "बाई, धामणीची चिता आम्ही कधी पाहिली नाही. कमानीचं लाकूड वर पाठवून आमच्याच माणसांच्या छातीत बाण मागवून घ्यावेत, अशी इच्छा आहे का?"

गडकरी जागच्या जागी थिजले. हरजीने आपले हात घोंगडीखाली ओढले. सरस आणि पटाशीने राठ झालेले ते हात कुणीही ओळखले असते. ते पाहून भिवरा पुढे झाली आणि सरदाराच्या समोर उभी राहिली.

"ज्या हातांनी कमानी घडायच्या, ते हात सकाळीच थंड पडले, सरकार. हे त्यांच्या हातचं लाकूड. त्यांच्याबरोबर जाऊ द्या."

"ठीक. मग चिता इथंच रचा, आमच्या देखत. मयत खाली आणा."

मागे कडा, पुढे तलवारी, आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते लाकूड पायाशी पडलेले. ती म्हणाली, "मयत भाईर काढायचं तर दरवाजा उघडा ठेवावा लागंल. किल्लेदार कबूल व्हायचे न्हाईत. वर निशाणाच्या बुरजावर चिता पेटवू. धूर तुमाला हितून दिसंल."

"आणि नाही दिसला तर?"

"मी जामीन राहते."

हरजी पुढे सरला. "वहिनी, मी राहतो. तुमी वर जा."

"न्हाई भावजी. मूलबाळ न्हाई आमाला. अग्नी तुमीच द्यायचा." तिने त्याच्याकडे एकदाच पाहिले. वर हे लाकूड घडवू शकणारा तो एकटाच होता, हे तिला मोठ्याने म्हणता येत नव्हते. "अग्नी नीट द्या," एवढेच ती म्हणाली.

जिवाजीरावाने विचार केला. "सूर्य मावळायच्या आत बुरजावर धूर दिसला तर ही बाई मोकळी. हा आमचा शब्द. नाही दिसला, तर तिचं शिर याच दारात पडेल. हाही आमचा शब्दच."

लाकूड वर गेले. भिवराला तिच्याच घराच्या पडवीत बसवले आणि दाराशी पहारेकरी उभा राहिला. निशाणाचा बुरूज तिथून स्वच्छ दिसत होता. दुपार कलली. बुरजावर माणसे हलताना दिसत होती, पण धूर नव्हता. धूर निघाला नाही तर आपण मरणार, आणि निघाला तर ज्यासाठी इथे आलो तेच जळणार. दोन्हीकडून आपण कोंडलो आहोत, हे तिला आता बसल्या जागी उमगत होते. हरजीला ती काहीच सांगू शकली नव्हती. आपल्या जिवासाठी लाकूड जाळू नका, असे सांगायला हवे होते का? आणि त्यांनी जाळलेच नाही, तर नवऱ्याला अग्नीही मिळायचा नाही.

ऊन तांबूस झाले तेव्हा बुरजावरून धुराचा एक काळा लोट उठला. तो सरळ वर चढला, जाड झाला, त्याच्या बुडाशी ज्वाळा दिसू लागल्या.

"गेलं तुमचं लाकूड," जिवाजीराव तिच्या मागे येऊन म्हणाला.

भिवरा रडू लागली. सकाळपासून तिच्या डोळ्यांत पाणी आले नव्हते. आता पदराचा बोळा तोंडात कोंबूनही तिचा हुंदका आवरेना. माणूस गेला, त्याचे जन्माचे राखलेले लाकूड गेले, आणि ते आपल्यापायी गेले. सरदाराने तो आकांत पाहिला आणि त्याचा संशय फिटला.

पण ती मोकळी झाली नाही. खानाने तिला सोडण्यास नकार दिला. बाईने आमचे मोर्चे पाहिले आहेत, गड पडेपर्यंत ती इथेच राहील, असा हुकूम आला. जिवाजीरावाने तो तिला सांगितला तेव्हा त्याची नजर जमिनीवर होती. त्या दिवसापासून भिवरा आपल्याच जात्यावर शत्रूच्या शिलेदारांचे पीठ दळू लागली. दाराबाहेर पडण्याची मुभा नव्हती. संध्याकाळी पहारेकरी बाहेरून कडी घालत असे.

गडावर चितेलाही लाकूड नाही, तर तिथे फार काळ कोणी तगणार नाही, आणि तोफा गप्प आहेत त्याअर्थी दारूही संपली असावी, असा अंदाज खानाने बांधला. आश्विनात आभाळ मोकळे झाले आणि एका सकाळी छावणीत नगारे झडले. निवडक पायदळी हशम ढाली डोक्यावर धरून कातळवाट चढू लागले. आघाडीला जिवाजीराव होता.

भिवरा जात्याशी बसून ऐकत होती. तोफेचा आवाज झाला नाही. चढणाऱ्यांचा गलबला वर वर जात होता. मग एकाएकी त्या गलबल्याचा सूर पालटला. आरोळ्यांच्या जागी किंकाळ्या येऊ लागल्या, ढाली कातळावर आपटत खाली घरंगळू लागल्या. आणि त्या धुमाळीत एक बाण सूं करत आला आणि तिच्या अंगणातल्या तुळशीपाशी जमिनीत रुतला.

ती उठून चौकटीपर्यंत गेली. बुरूज कुठे, अंगण कुठे. ओल्या कळकाच्या कमानीने बाण इतक्या लांब यायचा नाही. ती खाली बसली आणि हात तोंडावर दाबून धरले, कारण पहारेकरी पाहत होता.

हल्ला मोडला. वाट इतकी अरुंद की एकामागून एकच चढणार, आणि वरून प्रत्येकाला बाण. मागे फिरलेल्यांत जिवाजीराव होता. त्याच्या दंडातून बाण आरपार गेला होता. तसाच रक्ताळलेला तो भिवराला घेऊन खानापुढे उभा राहिला.

"बाई," हसनबेग खान शांतपणे म्हणाला, "तू आम्हाला फसवलंस."

"व्हय, सरकार."

"मग त्या दिवशी रडलीस, ते सोंग होतं?"

"न्हाई. मलाबी वाटलं, लाकूड जळलं."

"म्हणजे तुझ्या माणसांनी तुलाही अंधारात ठेवलं."

"मला इचारायला ते येनार कसे? मी तर तुमच्यापाशी व्हते."

खान काही बोलण्याच्या आत जिवाजीराव पुढे झाला. "हुजूर, जामीन धुरापुरता होता. धूर निघाला. त्याच संध्याकाळी हिला सोडायला हवं होतं. शब्द मी दिला होता आणि तो आपल्या बाजूनं मोडला गेला. शिक्षा द्यायची तर त्याचाही हिशेब व्हावा."

दरबारी चुळबुळले. खानाचा हात दाढीवर स्थिरावला.

"वाटेवर मार खाल्ला म्हणून एका विधवेवर तलवार चालवली," तो अखेर म्हणाला, "असं माझ्या फौजेत बोललं जाऊ नये. घेऊन जा हिला."

जिवाजीराव स्वतः तिला वाटेच्या पायथ्यापर्यंत पोचवायला आला. तिथे तो थांबला.

"बाई, पुन्हा चितेला लाकूड मागू नका. मी देणार नाही."

"न्हाई मागायची," भिवरा म्हणाली, आणि वाट चढू लागली. पायऱ्यांवर दोन्हीकडची माणसे पडलेली होती. पदर सावरत, त्यांना पाय न लावता ती वर गेली.

दरवाजा उघडायला किल्लेदार स्वतः आले होते. आत पाऊल टाकताच तिने निशाणाच्या बुरजाकडे पाहिले. वाटेत देवीचे देऊळ लागे. त्याला आता दरवाजे नव्हते.

"देवीनं दरवाजे दिले," नरसोजी धायबर म्हणाले. "आमच्या घराण्याची पालखी होती, ती दिली. शिबंदीनं मशालींचं तेल दिलं. त्या दिवसापासून गड अंधारात आहे, पण सटवाजीला अग्नी मिळाला. तुम्हाला न विचारता केलं. तुमचा जीव आणि लाकूड, दोन्हीतलं एकही सोडवेना."

भिवराने देवळाच्या उंबऱ्यावर डोके टेकले. तिथून ती लवकर उठली नाही.

दसऱ्यानंतर खानाला दुसऱ्या मोहिमेचे बोलावणे आले. वेढा उठला. छावणीचे तंबू उतरले, पागा रिकाम्या झाल्या, आणि गडाची माणसे पहिल्यांदा वाट उतरून खालच्या रानात मोकळी फिरली. किल्लेदारांनी भिवराला लुगडे आणि जमीन इनाम देऊ केली. तिने लुगडे परत केले, जमीन हरजीच्या नावे करून घेतली. पालखी मात्र धायबरांनी पुन्हा घडवली नाही. पुढे ते सणालाही पायीच देवीला जात.

राखेचे गाठोडे घेऊन भिवरा आणि हरजी नदीवर गेले. पाणी अजून गढूळ होते. हरजी काठावर बसून राहिला, गाठोडे सोडेना.

"वहिनी, एक सांगायचं ऱ्हायलंय."

"सांगा की."

"पालखी आन दरवाजे पुरले न्हाईत. दादा अर्धाच जळला असता. मला ते बघवंना." तो थांबला. "धामणीचे काही वासे घातले मी. गाठीचे, वाकडे, असले. पर एक चांगला घातला. दादाच्या छातीवर. समद्यांत सरळ होता तो."

भिवरा पाण्याकडे पाहत राहिली. पैलतीरावर कुणीतरी गुरे पाण्यावर आणली होती.

"त्याची कमान झाली असती, तर वाटेवर आपली दोन माणसं वाचली असती," ती म्हणाली.

"व्हय."

मग तिने त्याच्या मांडीवरचे गाठोडे आपल्याकडे घेतले आणि त्याची गाठ सोडू लागली.

"बरं केलंत, भावजी," ती म्हणाली.