डाव्या कोपऱ्यातलं बटण

डब्याचं झाकण ओट्यावरून खणकन पडलं. उत्तराने श्वास रोखला. तिच्या लहानग्या पिंकीने झोपेत कूस बदलली, पण उठली नाही.

दारात एक अनोळखी बाई उभी होती. उजव्या खांद्यावर निजलेलं बाळ, डाव्या हातात फोन. तिचं नाव मयुरा. बाळ नुकतंच तापातून उठलं होतं, दुसऱ्या खांद्यावर झोपतच नाही म्हणाली.

उत्तरा खासगी तपास करायची. जोडीला रविंद्र, निवृत्त हवालदार. मयुराने दबक्या आवाजात सांगितलं. नंदनवन भागातली तिची कंपनी किराणा दुकानांसाठी बिलाचं अ‍ॅप बनवते. नव्या कल्पना तिथे बिननावाने द्यायच्या, साहेबाची म्हणून कोणी मत देऊ नये यासाठी. जिंकलेली कल्पना पडद्यावर आली, की देणाऱ्याने उभं राहायचं. मयुराची जिंकली, तेव्हा ती बाळाला घेऊन दवाखान्यात होती. उभा राहिला तिचा टीम लीडर, प्रीतम. कल्पना माझी आहे म्हटल्यावर तिलाच खोटारडी ठरवलं. आता संध्याकाळपर्यंत तिने प्रीतमची माफी मागायची, नाहीतर नोकरी सोडायची.

पिंकीला शेजारच्या सिंधूताईंकडे ठेवून उत्तरा रविंद्रला घेऊन मयुराच्या कंपनीत गेली.

प्रीतमने उजव्या हातात फोन धरून कल्पना दाखवली. बिलाचं बटण अगदी खाली, डाव्या कोपऱ्यात. त्याचा अंगठा पोहोचेना; त्याने दुसरा हात लावला. बिल झालं, तर आवाज नाही, नुसती थरथर.

डावा कोपरा कशासाठी? डावखुऱ्या दुकानदारांसाठी, तो म्हणाला. आणि आवाज का नाही? बॅटरी वाचते.

कल्पनांची योजना दिपाली सांभाळायची. नावं कुठेच राहत नाहीत, ती मान खाली घालून म्हणाली. त्या दिवशी मयुरा सोडून सगळे हजर होते. आधी कोणीच उठलं नाही. मग प्रीतम उठला.

"ताई, मले तर प्रीतमच खरा वाटून राहिला," रविंद्र जिन्यात म्हणाला.

उत्तराने सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि मयुराला बिल करायला सांगितलं. तिचा डावा अंगठा आपसूक कोपऱ्यावर गेला. फोन थरथरला. खांद्यावर झोपलेलं बाळ हललंही नाही.

"आवाजापेक्षा थरथरीला बॅटरी जास्त लागते, प्रीतम. अ‍ॅप बनवणाऱ्याला हे ठाऊक हवं. ही कल्पना एकाच हाताने, झोपलेलं लेकरू न उठवता काम करणाऱ्या बाईची आहे."

"पण कल्पनेची मालकीण उठणार नाही, हे त्याले कसं समजलं?" रविंद्रने विचारलं.

"कोणीच उठलं नाही आणि गैरहजर एकच होती. तेवढ्यावरून त्याला कळलं." उत्तराने थकल्या नजरेने खोलीभर पाहिलं. "तुम्हा सगळ्यांनाही."

"कळलं होतं ताई," दिपाली म्हणाली. "पण आमचं अप्रेझल त्याच्याच हाती आहे ना."

माफी प्रीतमने मागितली, अगदी हळू. बाळ झोपलं होतं.

संध्याकाळी वरणभाताचे घास भरवताना उत्तराने पिंकीला सगळी गोष्ट सांगितली. पिंकी चावायची थांबली.

"आई, सगळ्यायले माहीत होतं, तर मग कोणीच काहून नाही बोललं?"